टांगता दिवा आणि टाकलेल्या वस्तू

जुन्या दिल्लीत चांदणी चौकाच्या पूर्व टोकाला भगीरथ पॅलेस नावाची एक वास्तू आहे. एके काळी ती सरधन्याच्या बेगम समरूची हवेली होती. आज तिच्या अवतीभवती विजेच्या सामानाचा, दिव्यांचा आणि रोषणाईच्या माळांचा प्रचंड बाजार भरतो. तेथून जामा मशिदीला वळसा घालून थोडे चालत गेले की चावडी बाजार लागतो. नाव मराठी कानाला ओळखीचे वाटणारे. पण तेथे पंचायत भरत नाही, कागद विकला जातो. लग्नपत्रिका, वेष्टने, रंगीत पुठ्ठे यांचा व्यापार तेथे चालतो, आणि जेथे कागद कापला जातो तेथे कागदाच्या चिंध्याही उरतात. एका बाजारात उजेड विकत मिळतो. दुसऱ्यात त्या उजेडाला अंगरखा शिवता येईल असे कापड रद्दीत जाते. या दोन बाजारांच्या मध्ये कोठे तरी टाकाऊ वस्तूंच्या टांगत्या दिव्याची कल्पना जन्माला येते, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

ही कल्पना आता दुर्मिळ राहिलेली नाही. शाळांच्या प्रदर्शनांत, कलावस्तूंच्या बाजारांत, हौशी घरांत बाटल्यांचे, डब्यांचे, बांगड्यांचे, दोऱ्यांचे दिवे दिसू लागले आहेत. त्यांतले कित्येक पहिल्या दिवशी फार सुंदर दिसतात. परंतु दिवाळीला टांगलेला असा दिवा होळीपर्यंत टिकला तर पुष्कळ झाले. मग तो उतरवला जातो, आणि येथेच खरा घोटाळा होतो. बाटलीला डिंक, डिंकाला चमकी, चमकीवर रंग आणि रंगात रुतलेली वायर, अशी ती वस्तू कबाडी घेत नाही. मूळची बाटली त्याने आनंदाने नेली असती. म्हणजे टाकाऊतून काही निर्माण करण्याच्या नादात, जी वस्तू पुन्हा उपयोगात येऊ शकत होती तिला कायमची टाकाऊ करून ठेवले, असा हा व्यवहार होतो. तेव्हा अशा दिव्याचा विचार तो लावायचा कसा येथून सुरू न करता, तो उतरवल्यावर त्याचे काय होणार येथून सुरू करावा, हे अधिक शहाणपणाचे.

महाराष्ट्रात हा विचार वेगळ्या नावाने आणि काहीही गाजावाजा न करता पूर्वीपासून होत आला आहे. आकाशकंदील हे त्याचे उदाहरण होय. आकाशात दिवा टांगण्याची हौस उत्तरेतही जुनीच आहे. अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त लिहून ठेवले आहे की, बादशाही छावणी दुरून ओळखू यावी म्हणून दरबारासमोर चाळीस गजांहून उंच खांब उभारून, सोळा दोरांनी तो आवळून, त्याच्या माथ्यावर मोठा कंदील लावीत, त्याला ‘आकासदिया’ म्हणत. पण बादशहाचा कंदील वेगळा आणि चाळीच्या कठड्यावर टांगलेला कंदील वेगळा. मराठी घरातल्या जुन्या पद्धतीच्या एका आकाशकंदिलात बांबूच्या सारख्या मापाच्या चोवीस कामट्या असतात. त्यांचे सहा चौकोन करून कोपऱ्याला कोपरा बांधला की चौकोनांच्या मधल्या जागी आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. ते कुणाला वेगळे करावे लागत नाहीत. चार कामट्यांचा चौकोन कोपऱ्यात दाबला की तिरपा होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. म्हणून नुसता सांगाडा हातात डुगडुगतो. चौकोनांवर पतंगी कागद खळीने ताणून बसवला आणि तो वाळला म्हणजे मगच त्याला ताठपणा येतो. ज्या कागदाला आपण केवळ शोभा समजतो तो येथे भारही सांभाळीत असतो.

दिवाळी सरली की फाटका कागद निघून जाई. सांगाडा माळ्यावर जाई. पुढल्या वर्षी तोच सांगाडा, दोन कामट्या बदललेल्या, नवा कागद, नव्या झिरमिळ्या. सांगाडा टिकाऊ, त्वचा बदलती आणि सांधा सोडवता येण्याजोगा, एवढीच या रचनेची विद्या. पुढे थर्मोकोलचे आयते कंदील आले, तेव्हा ही विद्या मागे पडली. थर्मोकोल सोडवता येत नाही, कुजत नाही, कबाडीही घेत नाही. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली आणि कामट्यांची आठवण पुष्कळांना नव्याने झाली.

दरम्यान दिव्याचे अंतरंगही बदलले होते. तारेच्या जुन्या बल्बला दिलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत जाई. साठ वॅटच्या बल्बजवळ कागद आणला तर तो आधी पिवळा पडे, मग करपे. त्यामुळे कागद, सूत, लाकडाचा भुसा, प्लास्टिक हे सगळे पदार्थ दिव्याच्या जवळपास फिरकू शकत नसत. जपानी शास्त्रज्ञ इसामू आकासाकी व हिरोशी आमानो आणि जपानमध्ये जन्मून पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले शुजी नाकामुरा यांनी निळा एलईडी सिद्ध केला. त्यासाठी २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्या निळ्या प्रकाशातूनच पांढरा एलईडी दिवा शक्य झाला. आज आठ-नऊ वॅटचा असा दिवा जुन्या साठ वॅटच्या बल्बइतका उजेड देतो. भारतात २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने तो स्वस्त होऊन सामान्य घरांतही पोहोचला. टाकाऊ वस्तूंच्या दिव्यांना आज जो बहर आला आहे त्याचे श्रेय कलावंतांइतकेच या थंड दिव्याचे आहे. मात्र थंड म्हणजे अगदी थंड नव्हे. एलईडीची उष्णता त्याच्या बुडाशी साठते, आणि तेथेच त्याचे नाजूक विद्युत्-मंडळ असते. चहूबाजूंनी बंद केलेल्या डब्यात असा बल्ब कोंडला तर आग लागणार नाही कदाचित, पण बल्ब अकाली मरेल. वर एक मोकळी वाट ठेवणे इष्ट.

आता टाकलेल्या वस्तूंकडे वळावे. त्यांची नावे हजार असली तरी प्रकाशाच्या दृष्टीने त्यांच्या जाती तीनच आहेत: उजेड अडवणाऱ्या, उजेड जसाच्या तसा सोडणाऱ्या आणि उजेड पसरवून देणाऱ्या. कोणती वस्तू कोणत्या जातीची, हे न पाहता दिवा करायला बसणे म्हणजे मीठ की साखर हे न पाहता स्वयंपाकाला बसणे होय.

पत्र्याचा डबा उजेड अडवतो. त्याला बोलते करायचे तर भोके पाडावी लागतात. रिकाम्या डब्यावर खिळा ठोकला की पत्रा आत दबतो. म्हणून डब्यात पाणी भरून ते शीतकपाटात गोठवावे आणि मग खिळा ठोकावा. बर्फ आतून आधार देतो. डबा काठोकाठ मात्र भरू नये, कारण गोठताना पाणी फुगते आणि बूड बाहेर येते. या भोकांची एक गंमत पाहण्यासारखी आहे. भोक लहान, भिंत दूर आणि आतला बल्ब स्वच्छ काचेचा असला, तर भिंतीवर भोकाचा आकार उमटत नाही. बल्बमधल्या तेजस्वी तारांचा आकार उमटतो. पिंपळाखाली पडलेले उन्हाचे कवडसे पानांच्या फटींसारखे वेडेवाकडे न दिसता गोल दिसतात, ते सूर्य गोल असतो म्हणून. तोच हा न्याय. दुधी बल्ब घातला की ही नक्षी पुसट होते. त्यामुळे भोकांची नक्षी ठरवण्यापूर्वी बल्ब ठरवावा लागतो.

काचेची बाटली उजेड जसाच्या तसा सोडते, आणि तोच तिचा दोष. पारदर्शक बाटलीतला बल्ब सरळ डोळ्यांवर येतो. काचेचा पृष्ठभाग पाण्यात भिजवलेल्या कुरुंदाच्या कागदाने घासून खरखरीत केला की ती तिसऱ्या जातीत जाते. हे काम ओलेच करावे. कोरडे घासले तर काचेची धूळ फुप्फुसात जाते. डच रचनाकार तेयो रेमी याने १९९१ साली शाळेतल्या मुलांना दूध देण्याच्या बारा जुन्या बाटल्या अशा धुरकट करून, तीन-चारच्या ओळींत, फळीतल्या पेटाऱ्यासारख्या टांगल्या. त्या दिव्याची कीर्ती अद्याप ओसरलेली नाही. त्यात बाटलीला वेगळे काही व्हायला लावलेले नाही. ती बाटलीच राहिली आहे. मात्र काच जड असते. मोठी बाटली अर्ध्या किलोच्या आसपास भरते, आणि बारा बाटल्या म्हणजे सहा किलो डोक्यावर.

कागद हा उजेड पसरवणारा, आणि म्हणून दिव्याचा खरा सोबती. वर्तमानपत्राच्या मागे दिवा लावला की दोन्ही बाजूंची छपाई एकत्र दिसते. एक बातमी सरळ, दुसरी उलटी. तो परिणाम कुणाला आवडेल, कुणाला नाही. चावडी बाजारातल्या पत्रिकांच्या कात्रणांचा लगदा करून, चाळणीवर पसरून, वाळवून केलेला जाडाभरडा कागद याहून शांत दिसतो. पांढऱ्याशुभ्र, ६५०० केल्विनच्या दिव्यासमोर मात्र तो आजारी वाटतो. २७०० केल्विनचा पिवळसर दिवाच त्याला मानवतो. दिल्लीच्या उन्हाळ्यात लोक पांढरा दिवा ‘थंड’ म्हणून पसंत करतात. तो समज डोळ्यांपुरता खरा आहे. खोलीच्या तापमानाशी त्याचा संबंध नाही. जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची याने १९५१ सालापासून गिफू गावच्या कंदीलकारांकडून बांबू आणि कागद यांचे ‘आकारी’ दिवे करवून घेतले. ते घडी घालून चपटे होतात. आकाशकंदिलाचे हे दूरचे चुलत भावंडच म्हणावयाचे.

या तिन्ही जातींच्या सीमेवर एक चौथा पदार्थ आहे, आणि त्यासाठी दिल्लीहून सुमारे नव्वद किलोमीटर उत्तरेला जावे लागते. पानिपत हे नाव उच्चारताच मराठी मनात १४ जानेवारी १७६१ ही तारीख उभी राहते. दुसरे काही आठवतच नाही. परंतु राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणारे आजचे पानिपत हे जुन्या कपड्यांचे जगातले एक मोठे पुनर्जन्मस्थान आहे. युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी टाकून दिलेले लोकरी कोट, स्वेटर, शाली तेथे गाठोड्यांनी येतात. त्यांची बटणे आणि चेन काढून घेतात, आणि मग रंगांप्रमाणे ढीग लावतात. या रंगवार निवडीतच सारी खुबी आहे. लाल कपड्यांपासून लाल सूत, निळ्यांपासून निळे; त्यामुळे नव्याने रंगवण्याचा खर्च आणि पाणी वाचते. पिंजून, कातून निघालेल्या या जाड सुताला ‘शॉडी’ म्हणतात. त्याची घोंगडी होतात आणि भूकंप-पुराच्या वेळी निर्वासितांच्या अंगावर पडतात.

हे सूत जाड, खरबरीत आणि असमान असते. कापड म्हणून ते गरिबाचे; दिव्यासाठी मात्र ही असमानताच गुण ठरते, कारण तिच्यातून उजेड कमीअधिक झिरपतो. त्याला सांगाडा म्हणून सायकलची जुनी रिम घ्यावी. नेहमीच्या मोठ्या सायकलची रिम सुमारे ६५ सेंटीमीटर व्यासाची असते, आणि आऱ्यांसाठी पाडलेली भोके तिच्यात अगोदरच समान अंतरावर असतात. वर्तुळाची विभागणी करण्याचे कष्ट सायकल बनवणाऱ्याने पूर्वीच घेतलेले असतात. मागच्या चाकाला बहुधा ४० भोके असतात. दहा-दहा भोकांच्या अंतराने चार बारीक साखळ्या अडकवता येतात. चार साखळ्यांत एखादी नेहमी सैल राहते, हे ध्यानात असू द्यावे. ३६ भोकांची रिम मिळाली तर बारा-बारा भोकांवर तीन साखळ्या लावाव्यात. तीन साखळ्या कधी सैल पडत नाहीत. साखळ्या वर एका लहान लोखंडी कडीत एकत्र याव्यात. प्रत्येक भोकातून कडीपर्यंत सूत ओवले की शंकूच्या आकाराचा एक तंबू तयार होतो, आणि या उभ्या धाग्यांतून आडवे सूत हवे तितके दाट किंवा विरळ विणता येते. गडद सूत उजेड गिळते. ते खाली, रिमजवळ असावे. फिकट वर जावे. गाठी मारल्या तर त्या सुटणाऱ्या माराव्यात. डिंकाचा एक थेंबही लागत नाही.

शंकू चाळीस सेंटीमीटर उंच ठेवून बल्ब कडीपासून पंचवीस सेंटीमीटर खाली टांगला, तर तो सुतापासून सगळीकडे पंधरा सेंटीमीटरांच्या आसपास दूर राहतो. हे अंतर राखणे आवश्यकच, कारण शॉडीत आता लोकरीबरोबर कृत्रिम धागेही मिसळलेले असतात. लोकर पेट घ्यायला नाखूश असते. तिला केस जळल्यासारखा वास येतो आणि ज्योत दूर नेली की बहुधा विझते. कृत्रिम धागा वितळतो आणि जळता थेंब खाली टाकतो. घराबाहेर, चिमट्यात धरून, दोन इंच सूत पेटवून पाहिले की कोणते हाती आले आहे ते कळते. जेवणाच्या टेबलावर हा दिवा टांगावयाचा तर रिमची कड टेबलाच्या पाऊण मीटर वर असावी. मग स्वतः खुर्चीवर बसून पाहावे. बल्ब उघडा दिसला तर तो दोन बोटे वर घ्यावा, आणि मग सुतापासूनचे अंतर पुन्हा मोजावे.

दिल्लीतच याच्या अगदी उलट टोकाचा नमुना पाहावयास मिळतो. सराय काले खाँ येथे २०१९ च्या फेब्रुवारीत महापालिकेने एक उद्यान उघडले. जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती तेथे मोटारींचे भाग, नळ, सायकलींच्या रिमा अशा सुमारे दीडशे टन भंगारातून उभ्या केल्या आहेत. रात्री त्यांच्यावर दिवे लागतात आणि गर्दी लोटते. भव्यता म्हणून ते ठीकच आहे. मुलांना तेथे पत्र्यातला पिसाचा मनोरा दाखवताना पालकांनाही मौज वाटते. पण तेथे रिमने मनोरा व्हावे अशी अपेक्षा आहे, आणि घरच्या दिव्यात ती करू नये. घरच्या दिव्यात रिमने रिमच असावे. स्पॅनिश रचनाकार आल्वारो कातालान दे ओकोन याने २०१२ साली कोलंबियात जे केले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. प्लास्टिकच्या बाटलीचा गळा त्याने विजेचा होल्डर बसवायला वापरला, खालचा भाग उभ्या पट्ट्यांत कापला, आणि त्या पट्ट्यांभोवती तेथल्या बुरूडकाम करणाऱ्या कारागिरांनी टोपली विणली. बाटलीचे फिरकीचे झाकण घट्ट बसते, हा तिचा मूळ गुण येथे वाया गेलेला नाही.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या विनंतीवरून १९५८ साली एक अहवाल लिहिला. त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय रचनासंस्था उभी राहिली. या अहवालात त्यांनी सर्वाधिक कौतुक केले ते आपल्या लोट्याचे. लोट्याचा आकार ठरताना काय काय पाहिले गेले असेल याची त्यांनी यादीच दिली आहे: भरलेला असता तोल कसा राहतो, हातात कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, साफ कसा होतो. आणि त्याच यादीत, ही धातू मोडीत घातली तर तिचे काय मोल येईल, हाही प्रश्न त्यांनी घातला आहे. आपल्या घरी पितळेची भांडी घेताना आजी जो विचार सहज करीत असे, तो परदेशी रचनाकारांना अहवालात नोंदवावासा वाटला, ही गोष्ट विनोदाची आहे आणि विचार करण्यासारखीही.

टांगण्याविषयी थोडे कठोर व्हावे लागते. दिव्याचे वजन वायरवर कधीही नसावे. ते छताच्या स्लॅबमधल्या कडीवर, साखळीने पेलले जावे, आणि वायर तिच्या शेजारून सैल उतरावी. सांगाडा धातूचा असल्यामुळे तीन पदरी वायर घेऊन त्यातला हिरवा पदर रिमला जोडून जमिनीशी मिळवावा. आपल्या घरांतली २३० व्होल्टांची वीज कलाकृतीचा मुलाहिजा राखीत नाही. वायर जेथे पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबरी कडे हवे, अन्यथा पत्र्याची धार महिन्यांत तिचे कवच कापते. हा भाग माहितगार वायरमनकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

आणि दिल्लीत धूळ आहे. मे-जूनच्या आंधीनंतर घरातल्या प्रत्येक वस्तूवर पिठासारखा थर बसतो. ज्या दिव्याला खाचाखोचा अधिक, त्याचा उजेड लवकर मावळतो, आणि तो बिचारा बल्ब जुना झाला म्हणून बदलला जातो. पत्रा पुसता येतो, काच धुता येते. कागद झटकावा लागतो. सुताचा दिवा वर्षातून एकदा उतरवावा, आडवे सूत उलगडून गुंडी करावी, कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावी. पुन्हा विणताना रंगांचा क्रम बदलला तर दिवा नवा झाला.

एक दिवस घर बदलते, किंवा मन भरते. मग दुपारच्या वेळी सायकलच्या मागे पोती बांधलेला कबाडी गल्लीतून आरोळी देत जातो. त्याच्या तराजूत रिम लोखंडाच्या भावाने जाते, साखळीही तिच्याबरोबर. बल्ब आणि होल्डर घरात राहतात, पुढल्या दिव्यासाठी. सुताची गुंडी तो हातात घेऊन दाबून पाहतो, आणि तिचे किती द्यावेत याचा विचार करीत उभा राहतो.